प्रथिनांतील प्रोटॉनची वाटचाल आणि तिची संगणकीय प्रतिमाने

हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरते ते केवळ केंद्रक. तोच प्रोटॉन. पेशीतल्या सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमच्या आयनांभोवती इलेक्ट्रॉनांचे कवच असते, प्रोटॉनभोवती काहीच नसते. त्यामुळे तो पेशीत सुटा राहू शकत नाही. पाण्याच्या एखाद्या रेणूला किंवा प्रथिनातल्या एखाद्या गटाला तो नेहमी जोडलेला असतो. एकीकडचा बंध सोडून दुसरीकडे बंध जुळवणे म्हणजे प्रोटॉन संक्रमण. श्वसनातून ऊर्जा मिळवणे, प्रकाशसंश्लेषण, जठरातले आम्ल तयार होणे आणि असंख्य विकरांच्या अभिक्रिया या सर्वांच्या मुळाशी हीच क्रिया आहे.

ही क्रिया प्रत्यक्ष पाहणे फार अवघड आहे. प्रथिनाची रचना शोधताना क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, तोही बंधात गुंतलेला. म्हणून बहुतेक क्ष-किरण रचनांत कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन स्पष्ट दिसतात, पण प्रोटॉन नेमका कुठे आहे ते कळत नाही. न्यूट्रॉनांच्या विवर्तनात हायड्रोजन दिसतो, मात्र तिथे मिळते ते स्थिर चित्र. अवरक्त वर्णपटातून एखादा गट प्रोटॉनधारी आहे की नाही हे समजते, पण प्रोटॉन कोणत्या वाटेने गेला हे समजत नाही. स्थिर चित्र आणि वर्णपट यांच्यामधली ही पोकळी संगणकीय प्रतिमाने भरून काढतात. ज्ञात रचनेपासून सुरुवात करून ती प्रोटॉनची वाट, वाटेतला ऊर्जेचा चढ आणि लागणारा वेळ यांचा हिशेब मांडतात.

मिठाची सरोवरे आणि जांभळे पटल

या शास्त्राची सर्वात जास्त अभ्यासली गेलेली कसोटी मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून आली. जयपूरपासून पश्चिमेला सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर सांभर सरोवर आहे. भारतातले हे सर्वात मोठे अंतर्देशीय खारे सरोवर आहे. मिठागरांमध्ये पाणी आटून मीठ साचू लागले की तिथल्या पाण्याला गुलाबी-लालसर रंग चढतो. सांभरच्या खारट आणि अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या आर्किया गटातील सूक्ष्मजीवांवरचे संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात असाच रंग जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून त्याचे कारण मीठप्रेमी आर्किया, म्हणजे हॅलोआर्किया, असल्याचे दाखवले.

अशा पाण्याचा लाल-गुलाबी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्यांचा असतो. या कुळातल्या काही जाती मात्र, विशेषतः हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम, प्राणवायू कमी पडू लागला की आपल्या पेशीपटलात आणखी एक रंगीत पदार्थ तयार करतात. तो जांभळ्या चकत्यांच्या रूपात दिसतो. १९७१ साली डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी त्या चकत्यांमध्ये एकच प्रथिन असल्याचे दाखवले. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनप्रमाणे त्यालाही रेटिनल हा प्रकाश शोषणारा रेणू जोडलेला असल्यामुळे त्याचे नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन पडले. १९७३ मध्ये त्याचे कार्य उलगडले. प्रकाश पडला की हे प्रथिन पेशीच्या आतले प्रोटॉन बाहेर फेकते.

या शोधाचे महत्त्व त्या जीवापुरते राहिले नाही. पीटर मिचेल यांनी १९६१ साली असा सिद्धांत मांडला होता की पेशी ऊर्जा साठवतात ती पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकात, आणि त्या फरकावर एटीपी हा ऊर्जा वाहणारा रेणू तयार होतो. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि स्टोकेनियस यांनी मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत जांभळे पटल आणि गाईच्या हृदयपेशींतले एटीपी बनवणारे विकर एकत्र बसवले. त्यांच्यावर प्रकाश टाकताच एटीपी तयार झाला. दोन अगदी वेगळ्या जीवांतल्या प्रथिनांना जोडणारा दुवा फक्त प्रोटॉनांचा होता. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका प्रोटॉनचे चक्र

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन २४८ अमिनो आम्लांचे आहे. त्याची साखळी सात वेळा पटल ओलांडते आणि त्या सात सर्पिलांच्या मधोमध रेटिनल आडवे बसते. २१६ व्या स्थानावरील लायसिनशी ते ज्या नायट्रोजनने जोडलेले असते, त्या जोडाला शिफ बेस म्हणतात. विश्रांतीच्या अवस्थेत या नायट्रोजनवर एक प्रोटॉन असतो. त्याच्यापासून सुमारे ४ अँगस्ट्रॉम अंतरावर, पेशीबाहेरच्या दिशेला, ८५ वे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते. दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू बसलेला असतो. रचनाशास्त्रज्ञ त्याला ४०२ क्रमांकाने ओळखतात. आतल्या दिशेला, दहा-बारा अँगस्ट्रॉमवर, ९६ वे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे.

प्रकाशकण शोषताच सुमारे अर्ध्या पिकोसेकंदात रेटिनलचा एक दुहेरी बंध फिरतो आणि सरळ रेणूला बाक येतो. पुढच्या टप्प्यात, मायक्रोसेकंदांच्या मापात, शिफ बेसचा प्रोटॉन ८५ व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाकडे जातो. त्याच सुमारास बाहेरच्या टोकाशी असलेल्या पाण्याच्या समूहातून एक प्रोटॉन पेशीबाहेर पडतो. त्यानंतर ९६ वे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आपला प्रोटॉन शिफ बेसला देते आणि आपली उणीव पेशीद्रवातून भरून काढते. शेवटी रेटिनल पुन्हा सरळ होते आणि ८५ व्या स्थानावरचा प्रोटॉन बाहेरच्या समूहाकडे पोचतो. सगळे चक्र साधारण १० मिलिसेकंदांत पुरे होते. एका चक्रात एक प्रोटॉन पटल ओलांडतो.

या चक्रातला कळीचा प्रश्न दिशेचा आहे. प्रोटॉन गमावलेला शिफ बेस तो पुन्हा ८५ व्या शेजाऱ्याकडून का घेत नाही? जवळचा शेजारी सोडून दूरच्या ९६ व्याकडे तो का वळतो? तसे झाले नसते तर प्रकाश वाया गेला असता आणि पंप चाललाच नसता. कोणत्याही चांगल्या प्रतिमानाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

पाण्याच्या साखळीतून

प्रोटॉन पाण्यातून कसा जातो, याची मूळ कल्पना थिओडोर ग्रोटहस यांनी १८०६ साली, विजेने पाण्याचे विघटन होते ते समजावताना मांडली. तेव्हा पाण्याचे सूत्रही निश्चित नव्हते आणि प्रोटॉनचा शोध शंभराहून अधिक वर्षे दूर होता. आजच्या भाषेत ती कल्पना अशी: पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. साखळीच्या एका टोकाला जादा प्रोटॉन जोडला गेला की पहिला रेणू आपल्याकडचा एक प्रोटॉन दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला देतो. साखळीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो तो वेगळाच प्रोटॉन. पुढे सरकतो तो धनभार; रेणू जवळपास जागच्या जागीच राहतात. साध्या पाण्यात अशी एक उडी साधारण दीड पिकोसेकंदात होते.

प्रतिमान रचणाऱ्याला यातून दोन अडचणी येतात. पहिली अशी की कोणता हायड्रोजन ‘तो’ प्रोटॉन, हे क्षणोक्षणी बदलते. म्हणून कोणत्याही एका अणूचा पाठलाग न करता जादा भाराच्या केंद्रबिंदूचा मागोवा घेतला जातो. दुसरी अशी की एक उडी पूर्ण झाल्यावर साखळीतले रेणू उलट्या दिशेला तोंड करून उभे राहतात. पुढचा प्रोटॉन जाण्यापूर्वी त्यांना फिरून मूळ स्थितीत यावे लागते. अनेक प्रथिनांत वेळ जातो तो प्रोटॉनच्या उडीला कमी आणि पाण्याच्या या जुळवाजुळवीला जास्त.

पहिला हिशेब: प्रोटॉन कोणाकडे?

प्रतिमानाची सुरुवात हालचालीपासून होत नाही. आधी ठरवावे लागते की प्रथिनातल्या कोणत्या गटावर प्रोटॉन आहे आणि कोणत्यावर नाही. प्रत्येक गटाची प्रोटॉन धरून ठेवण्याची ताकद पीकेए या आकड्याने मोजतात. ज्या सामूला त्या गटाच्या निम्म्या प्रती प्रोटॉनधारी असतात, तो त्याचा पीकेए. पाण्यात अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा पीकेए ४ च्या आसपास असतो, म्हणजे उदासीन पाण्यात ते प्रोटॉन सोडून देते. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनमध्ये विश्रांतीच्या वेळी ८५ व्याचा पीकेए ३ च्या खाली आहे, तर त्याच जातीच्या ९६ व्याचा ११ च्या वर. एकाच अमिनो आम्लाच्या दोन प्रतींत एवढा फरक पडतो तो केवळ परिसरामुळे. पाणी विद्युतभारांचा प्रभाव फार झाकते. त्याचा परावैद्युतांक सुमारे ८० आहे. मेदपटलाचा जेमतेम २ असतो. पटलाच्या आत ऋणभारित राहणे महाग पडते, म्हणून ९६ वे आम्ल प्रोटॉन सोडत नाही. ८५ व्याशेजारी मात्र धनभारित शिफ बेस आणि ८२ वे आर्जिनिन आहेत. त्यांच्या संगतीत त्याचा ऋणभार स्थिरावतो.

हा हिशेब मांडण्याची पहिली ठोस पद्धत चार्ल्स टॅनफर्ड आणि जॉन कर्कवुड यांनी १९५७ साली दिली. तिच्यात प्रथिन हा एक गोळा मानला होता. आता प्रथिनाचा खरा आकार घेऊन त्याच्या प्रत्येक अणूवरच्या भारासह प्वासाँ-बोल्ट्झमान समीकरण संगणकावर सोडवतात. पीकेएच्या एका एककाचा अर्थ ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल. तेवढी चूक झाली तर प्रोटॉन असण्या-नसण्याचे प्रमाण दसपटीने चुकते. प्रथिनाच्या आतला परावैद्युतांक किती धरावा, याबद्दल अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत, त्याचे कारण हेच.

दुसरा हिशेब: अणूंची हालचाल

प्रथिन स्थिर नसते. त्याच्या अणूंची हालचाल न्यूटनच्या नियमांनी मोजण्याच्या पद्धतीला रेणवीय गतिकी म्हणतात. हैदराबादेत जन्मलेले अनीसूर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत द्रव आर्गॉनच्या ८६४ अणूंची गती संगणकावर काढली. वास्तवातल्या द्रवाशी जुळणारे असे ते पहिले काम होते. १९७१ मध्ये त्यांनी फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याचे २१६ रेणू घेतले. प्रथिनाची अशी पहिली गणना १९७७ ची. तिच्यात ५८ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन सुमारे ९ पिकोसेकंदांपुरते पाहिले गेले.

आज बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, त्याभोवतीचे मेदपटल आणि पाणी मिळून लाखाच्या घरातले अणू घेतले जातात. प्रत्येक पाऊल एक-दोन फेम्टोसेकंदांचे ठेवावे लागते, कारण त्याहून मोठ्या पावलात अणूंची थरथर निसटते. १० मिलिसेकंदांचे एक पूर्ण चक्र असे एकेका फेम्टोसेकंदाने चालायचे म्हणजे दहा लाख कोटी पावले. म्हणून या शास्त्राला महासंगणक लागतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० बनवला. त्याच परंपरेतल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म आणि खरगपूरच्या आयआयटीत परम शक्ती उभे राहिले.

रेणवीय गतिकीतून प्रथिनात पाणी कुठून शिरते, हायड्रोजन बंधांची साखळी कधी जुळते आणि कधी तुटते हे दिसते. पण साध्या रूपात तिच्यात बंध तुटत नाहीत. प्रोटॉन ज्याला जोडलेला आहे त्यालाच कायम जोडलेला राहतो. संक्रमण पाहायचे तर पुढची पायरी चढावी लागते.

तिसरा हिशेब: बंध तुटतो आणि जुळतो

बंध तुटणे-जुळणे हा इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आहे आणि इलेक्ट्रॉन क्वांटम नियमांनी वागतात. लाख अणूंसाठी ते नियम सोडवणे परवडत नाही. १९७६ साली एरिए वॉर्शेल आणि मायकेल लेविट यांनी लायसोझाइम या विकरासाठी यावर मार्ग काढला. अभिक्रिया घडते तेवढ्याच मोजक्या अणूंना क्वांटम नियम लावायचे, उरलेल्या प्रथिनाला आणि पाण्याला न्यूटनचे नियम पुरेसे मानायचे आणि दोन्ही भागांचा परस्परांवरचा प्रभाव हिशेबात ठेवायचा. या संमिश्र पद्धतीसाठी मार्टिन कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

वॉर्शेल यांचीच दुसरी पद्धत अनुभवाधिष्ठित संयुजाबंध या नावाने ओळखली जाते. तिच्यात प्रोटॉन देणाऱ्याकडे असलेली आणि घेणाऱ्याकडे गेलेली अशी दोन चित्रे स्वतंत्रपणे लिहितात. खरी अवस्था ही त्या दोन चित्रांचे मिश्रण मानून, मिश्रणाचे प्रमाण प्रयोगातल्या आकड्यांशी जुळवून घेतात. ग्रेगरी व्होथ यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हीच कल्पना अनेक चित्रांपर्यंत वाढवली. त्यामुळे पाण्याच्या लांब साखळीतून जाणारा प्रोटॉन मोजता येऊ लागला. रोबेर्तो कार आणि मिकेले पारिनेल्लो यांनी १९८५ मध्ये दिलेली पद्धत इलेक्ट्रॉनांचे गणित प्रत्येक पावलागणिक करते. ती अधिक मूलभूत आहे, पण अतिशय खर्चिक असल्याने तिच्यातून थोड्याच पिकोसेकंदांचा काळ पाहता येतो.

वाटेतला चढ मोठा असेल तर प्रोटॉन तो आपोआप ओलांडेल याची वाट पाहत बसणे व्यर्थ ठरते. म्हणून जादा भाराचे केंद्र वाटेवरच्या एकेका टप्प्यावर मुद्दाम रोखून धरतात, त्या टप्प्यावरची गणना करतात आणि शेवटी सगळे टप्पे जोडून मुक्त ऊर्जेचा आलेख काढतात. आलेखाच्या शिखरावरून संक्रमणाचा वेग मिळतो. इथेही १.४ किलोकॅलरीची चूक वेगात दसपट फरक पाडते.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या १८३६ पट जड असला तरी अणुकेंद्रकांत सर्वात हलका आहे. त्यामुळे चढावर न चढता तो आरपार जाण्याची शक्यता असते. अशा वेळी केंद्रकालाही क्वांटम नियम लावावे लागतात. प्रयोगात हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्यूटेरियम घालून वेग किती मंदावतो ते पाहतात. तोच फरक प्रतिमानातून निघायला हवा.

हिशेबांतून काय उलगडले

दिशेच्या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही हिशेबांतून मिळून घडत गेले. रेटिनलला बाक आल्यावर शिफ बेसभोवतीचे हायड्रोजन बंध बदलतात आणि प्रोटॉनसाठी ८५ व्याची ओढ वाढते. एकदा प्रोटॉन तिकडे गेला की धन आणि ऋण दोन्ही भार नाहीसे होतात. ज्या भारांमुळे ८५ व्याचा पीकेए खाली होता, तेच उरत नाहीत. मग तो पीकेए चढतो आणि प्रोटॉन तिथेच राहतो. दरम्यान सर्पिले किंचित हलून आतल्या बाजूने पाणी शिरते, ९६ व्यापर्यंत साखळी जुळते आणि त्याची प्रोटॉनवरची पकड सैल होते. म्हणजे दिशा ठरते ती दोन गोष्टींनी: कोणत्या क्षणी कोणाची ओढ अधिक आहे आणि कोणत्या क्षणी कोणती साखळी जुळलेली आहे.

पहिल्या संक्रमणाच्या वाटेचा संमिश्र पद्धतीने केलेला सविस्तर अभ्यास आना-निकोलेटा बोंडार आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. शिफ बेसपासून ८५ व्याकडे जाणाऱ्या एकापेक्षा अधिक वाटांचे चढ प्रयोगाशी जुळणारे निघाले. प्रथिन एकाच ठरावीक वाटेला बांधलेले असतेच असे नाही, हे त्यातून पुढे आले. बाहेर पडणारा प्रोटॉन कुठे थांबलेला असतो, हाही जुना वाद होता. क्लाउस गेरवेर्ट यांच्या गटाने २००६ मध्ये अवरक्त वर्णपटाच्या आधारे तो एखाद्या अमिनो आम्लावर नसून पाण्याच्या प्रोटॉनधारी समूहात असल्याचे मांडले. त्या समूहाचे नेमके रूप ठरवण्यासाठी पुन्हा गणनांचाच आधार घ्यावा लागला.

भारतात या विषयाचे लक्षणीय काम खरगपूरच्या आयआयटीत श्रावणी तरफदार यांच्या गटाने मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज २ या विकरावर केले आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट तयार करणारे हे विकर सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा काम करते. जस्ताशी जोडलेल्या पाण्यातला प्रोटॉन सात-आठ अँगस्ट्रॉमवरच्या ६४ व्या हिस्टिडिनकडे पाण्याच्या साखळीतून जातो. विकराच्या पूर्ण वेगाला मर्यादा घालणारी पायरी हीच आहे. हे हिस्टिडिन कधी आत, कधी बाहेर वळते. त्याचे हे वळणे आणि साखळीचे जुळणे यांचा मेळ कसा बसतो, हा तिथल्या गणनांचा विषय आहे.

पडताळा

गणनेला प्रयोगाची साक्ष हवी. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या बाबतीत ती साक्ष मोठ्या प्रमाणात हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेने दिली. फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेल्या आणि १९६८ चे नोबेल मिळवलेल्या खुराना यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये या प्रथिनाला वाहून घेतले. १९७९ मध्ये त्यांच्या गटाने त्याचा अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध केला आणि १९८८ मध्ये एकेक अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदलून काय होते ते पाहिले. ८५ वे बदलले की पंप जवळजवळ बंद पडला. ९६ वे बदलले तर शिफ बेसला प्रोटॉन परत मिळणे फार मंदावते आणि त्याचा वेग पेशीद्रवाच्या सामूवर अवलंबून राहतो, हेही त्या काळातल्या प्रयोगांत दिसले. रचनेच्या बाजूने रिचर्ड हेंडरसन यांनी १९७५ मध्ये नायजेल अनविन यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सात सर्पिले दाखवली आणि १९९० मध्ये अणूंच्या पातळीवरचे प्रतिमान दिले. पुढे १९९९ मध्ये १.५५ अँगस्ट्रॉमची क्ष-किरण रचना मिळाली आणि आतले पाण्याचे रेणू जागेवर दिसले. २०१६ मध्ये क्ष-किरण लेझरच्या अतिलघु स्पंदांनी चक्रातल्या अवस्थांची क्रमवार चित्रे घेतली गेली.

उपयोग आणि मर्यादा

हेच हिशेब आता इतर प्रथिनांना लावले जातात. इन्फ्लुएन्झा विषाणूची एम२ ही प्रोटॉनवाहिनी ३७ व्या हिस्टिडिनभोवती उघडते आणि मिटते. अमॅन्टाडिन हे औषध तीच वाहिनी बंद करते. औषधाला दाद न देणारे विषाणू कोणत्या बदलामुळे निसटतात, हे समजून घेण्यासाठी गणना उपयोगी पडतात. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या कुळातली प्रथिने मज्जापेशींना प्रकाशाने चालू-बंद करण्यासाठी वापरतात. त्यांची रचना हवी तशी बदलताना प्रोटॉनची वाट ठाऊक असावी लागते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. क्वांटम भागाची हद्द कुठे आखली, कोणते गट प्रोटॉनधारी मानले, पाण्याचे किती रेणू घेतले आणि गणना किती काळ चालवली, या चारही निवडींनी निष्कर्ष बदलू शकतो. यंत्रशिक्षणावर आधारलेल्या नव्या पद्धती क्वांटम गणनेतले आकडे शिकून घेऊन तीच अचूकता कितीतरी कमी खर्चात देऊ लागल्या आहेत. मात्र ज्या प्रकारची परिस्थिती त्यांना शिकवलेली नाही, तिथे त्या चुकतात. म्हणून प्रोटॉन संक्रमणाचे प्रतिमान स्वीकारताना तीन गोष्टी तपासल्या जातात. त्यातून निघालेले पीकेए मोजलेल्या पीकेएशी जुळतात का? काढलेला वेग आणि ड्यूटेरियमने पडणारा फरक प्रयोगातल्या आकड्यांच्या जवळ आहे का? आणि एखादे अमिनो आम्ल बदलल्यावर काय होईल, हे ते प्रयोग होण्याआधी सांगू शकते का? या तिन्ही कसोट्यांना उतरलेले प्रतिमानच प्रोटॉनच्या न दिसणाऱ्या वाटेविषयी विश्वासाने बोलू शकते.